गोळी लागूनही हरीण सापडत नाही: दोष काडतुसाचा की नेमाचा, हे कसे ओळखावे

नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनमध्ये व्हाइटटेल हरणांचा रायफलचा हंगाम सुरू झाला की एक तक्रार दर वर्षी ऐकू येते. बार बसला, हरीण उसळून पळाले, जागेवर दोन-चार थेंब रक्त दिसले आणि पुढे माग तुटला. मग पुढच्याच आठवड्यात तो शिकारी मोठ्या काडतुसाची नवी रायफल बघायला दुकानात उभा असतो. बहुतेक वेळा हा खर्च वाया जातो. .२४३ विंचेस्टरपासून .३०-०६ स्प्रिंगफील्डपर्यंत कुठलेही नेहमीचे काडतूस हरणाला पुरून उरते. काडतूस म्हणजे पुंगळी, तिच्यातली दारू आणि गोळी; फरक पडतो तो पुंगळीच्या तोंडात बसवलेल्या गोळीच्या घडणीने, आणि हरणापर्यंत पोचताना त्या गोळीचा वेग किती उरला याने. म्हणून आधी काडतुसांचा खोका बदलून बघा, रायफल नंतर.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे भारतात हरणाची शिकार गुन्हा आहे. चितळ, सांबर, भेकर, सगळ्यांनाच ते लागू. खालचे सगळे अमेरिकेत परवाना काढून होणाऱ्या शिकारीबद्दल आहे.

बिघाड आहे की नाही, ते आधी ठरवा

दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेलेले हरीणसुद्धा पन्नास ते शंभर यार्ड धावू शकते. रक्तदाब कोसळला तरी मेंदूत काही सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो, आणि घाबरलेले हरीण तेवढ्या वेळात बरेच अंतर तोडते. त्यामुळे हरीण जागेवर पडले नाही म्हणजे काडतूस कमी पडले, असे होत नाही. जागेवर पडते ते कणा किंवा मेंदू गाठला गेला तर, आणि मुद्दाम तिथे नेम धरणे हा धोक्याचा सौदा आहे. इंचभर चुकले की जबडा फुटतो किंवा मान नुसती फाटते, आणि जनावर दिवसेंदिवस हाल सोसते.

म्हणून प्रश्न असा विचारा: हरीण किती लांब गेले, आणि तिथवर रक्ताचा माग होता का? फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस लागले. अर्धा तास थांबून निघा. गडद, काळपट लाल रक्त बहुधा यकृताचे. तीन-चार तास थांबा. रक्तात हिरवट पाणी, चारा आणि घाण वास असेल तर गोळी पोटात गेली आहे. अशा वेळी आठ ते बारा तास मागे लागू नये. घाई केली तर हरीण उठून मैलभर जाते. पोटात गोळी गेली तर तो नेमाचा दोष. जगातले कुठलेही काडतूस तो भरून काढत नाही.

फुप्फुस लागले आहे आणि तरी माग नाही, ही मात्र खरी काडतुसाशी जोडलेली तक्रार. तिचे मूळ बहुधा बाहेर पडणाऱ्या भोकात असते. झाडावरच्या मचाणावरून खाली बार टाकला की गोळी वरच्या बरगडीतून आत शिरते. ती आतच राहिली, तर रक्त छातीच्या पोकळीत साठत राहते आणि वरच्या भोकापर्यंत भरल्याशिवाय बाहेर येत नाही. तोवर हरीण झुडपात गेलेले असते. खालच्या बाजूने दुसरे भोक पडले की तेच रक्त पहिल्या वीस-तीस यार्डांतच जमिनीवर दिसू लागते. यासाठीच हरणाच्या शिकारीला आरपार जाणारी, तरीही आत उमलणारी, म्हणजे तोंड फुलून रुंद होणारी गोळी हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि सगळी गडबड तिथेच होते.

सापडलेल्या हरणाची जखम वाचा

ज्या हरणाचा माग कष्टाने लागला, त्याची कातडी सोलताना दहा मिनिटे जास्त द्या. इतकी खरी माहिती खोक्यावरच्या चित्रातून मिळत नाही.

फुप्फुसात पेन्सिलीएवढे सरळ भोक आणि दोन्ही बाजूंना तेवढेच लहान छिद्र: गोळी उमललीच नाही.

शिरतानाच वाटीएवढा खड्डा, फऱ्याच्या हाडाचा चुरा, पण पलीकडचे फुप्फुस जवळजवळ शाबूत: गोळी लवकर फुटली आणि आत पोचलीच नाही.

पलीकडच्या कातडीखाली गोळी अडकलेली सापडली, तर ती धुऊन ग्रॅमच्या काट्यावर तोला. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणून १५० ग्रेनची गोळी मुळात ९.७ ग्रॅमची. साध्या शिसे-आवरणाच्या (आत शिसे, बाहेर तांब्याच्या धातूचे आवरण) गोळीचे सहा-साडेसहा ग्रॅम उरले असतील तर तिने तिचे काम केले. तीन-चार ग्रॅम उरले तर ती त्या वेगाला फार मऊ होती. फुललेल्या तोंडाचा व्यासही मोजा. .३०८ ची गोळी मूळची ७.८ मिलिमीटर असते. ती १३ ते १६ मिलिमीटरपर्यंत उमललेली असावी.

गोळी उमलली नाही, तर

कारणे चार आहेत आणि पहिले सगळ्यात लाजिरवाणे: खोका सरावाचा होता. पूर्ण धातूच्या आवरणाची, म्हणजे एफएमजे गोळी उमलण्यासाठी बनवलेलीच नसते. ती कागदाला ठीक. हरणासाठी ती अनेक राज्यांत बेकायदाही आहे. खोक्यावर ‘सॉफ्ट पॉइंट’, ‘पॉलिमर टिप’, ‘बाँडेड’ किंवा ‘एक्सपांडिंग कॉपर’ यांपैकी काही लिहिले नसेल तर ते काडतूस शिकारीला नेऊ नका.

दुसरे कारण वेग. साधी शिसे-आवरणाची गोळी नीट उमलायला लक्ष्यावर सेकंदाला साधारण १,८०० फूट वेग लागतो. अखंड तांब्याच्या गोळीला २,००० फूट धरून चालावे. काही नव्या गोळ्या कमी वेगातही उघडतात, ते निर्मात्याच्या पत्रकात पाहा. आता .३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची साधी गोळी घ्या. नळीच्या तोंडाशी २,८२० फूट, शंभर यार्डांवर सुमारे २,५३०, दोनशेवर २,२६०, तीनशेवर २,०१०. म्हणजे तांब्याची गोळी अशाच वेगाने निघत आणि मंदावत असेल, तर तिचा पल्ला तीनशे यार्डांवर संपला. .३०-३० विंचेस्टरची १५० ग्रेनची गोळी तर शंभर यार्डांवरच १,९७० वर येते आणि दोनशेवर १,६००. त्या रायफलीला कठीण गोळी घालणे म्हणजे आपल्या हाताने बिघाड विकत घेणे. तिला मऊ नाकाची साधी गोळीच शोभते, आणि दीडशे यार्डांच्या आत ती उत्तम काम करते.

तिसरे कारण अखूड नळी. खोक्यावरचे आकडे बहुधा २४ इंची चाचणी-नळीचे असतात. नळी दर इंचाने कमी झाली की सेकंदाला साधारण २५ फूट वेग जातो. १६ इंची .३०८ वापरणाऱ्याचे सुमारे २०० फूट सुरुवातीलाच गेले, म्हणजे वरच्या हिशेबातला तीनशे यार्डांचा पल्ला २३० वर आला. हल्ली आवाज कमी करणारे सप्रेसर लावायचे म्हणून अखूड नळ्यांचा भर वाढला आहे, आणि त्याबरोबर न उमललेल्या तांब्याच्या गोळ्यांचाही.

चौथे कारण आवाजापेक्षा कमी वेगाची काडतुसे. .३०० ब्लॅकआउटची २०० ग्रेनच्या वरची मंद काडतुसे सेकंदाला जेमतेम हजार फुटांवर चालतात. त्या वेगासाठी खास घडवलेली गोळी नसेल तर ती सळईसारखी आरपार जाते.

गोळी लवकर फुटली, तर

हा उलटा रोग आहे आणि तो वेगवान काडतुसांना होतो. .२७० विंचेस्टरमधून १३० ग्रेनची मऊ, टोकदार प्लास्टिक नाकाची गोळी ३,०६० फुटांनी निघते. चाळीस यार्डांवर उभ्या हरणाच्या फऱ्याच्या सांध्यावर ती बसली तर पृष्ठभागावरच उधळते. शिकारी म्हणतो, काडतूस कमजोर पडले. खरे तर ते त्या अंतराला जास्तच जोरकस होते.

उपाय दोन. एक, त्याच काडतुसात वजनदार गोळी घ्या: .२७० मध्ये १३० ऐवजी १५० ग्रेन, .३०-०६ मध्ये १५० ऐवजी १६५ किंवा १८०. ती सावकाश निघते आणि खोल जाते. दोन, घडण बदला. बाँडेड गोळीत शिसे आवरणाला जोडलेले असते, त्यामुळे ते सुटे होत नाही. नॉस्लर कंपनीची पार्टिशन ही गोळी १९४८ पासून मिळते. तिच्या पोटात तांब्याच्या धातूची आडवी भिंत असते, म्हणून पुढचा भाग फुटला तरी मागचा अर्धा भाग पुढे घुसत राहतो. दाट जंगलात, शंभर यार्डांच्या आत, कुठल्याही कोनातून बार टाकावा लागत असेल तर आमची पसंती बाँडेड गोळीला आहे. मोकळ्या शेताच्या कडेने, दीडशे-अडीचशे यार्डांवर, आडव्या उभ्या हरणाला साधी सॉफ्ट पॉइंट पुरते आणि तिचा खोका स्वस्तही पडतो. रेमिंग्टनची कोर-लोक्ट १९३९ पासून याच कामाला आहे.

मांस काळेनिळे होऊन वाया जाते, ही तक्रार याच रोगाची धाकटी बहीण. गोळी बदलण्याआधी नेम चार बोटे मागे घ्या: पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालून एक-तृतीयांश उंचीवर. हरीण तिरपे, पाठमोरे उभे असेल तर पलीकडच्या फऱ्याकडे गोळी निघेल असा नेम धरा. शिशाची गोळी वापरली असेल तर जखमेभोवतीचे मांस हात राखून न कापता भरपूर काढून टाका. शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसतात त्याहून दूर जातात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने दान म्हणून आलेले हरणाचे दळलेले मांस अन्नछत्रांना फेकून द्यायला सांगितले, ते याच कारणाने. घरात लहान मुले किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याची गोळी घ्या. इथे दुसरे मत नको.

नवा खोका आणला आणि नेम चुकू लागला

वजन तेच, काडतूस तेच, फक्त कंपनी वेगळी; तरी शंभर यार्डांवर दोन-तीन इंचांचा फरक पडू शकतो. दारूचा जळण्याचा वेग, गोळीची लांबी आणि नळीचे थरथरणे वेगळे असते, म्हणून प्रत्येक रायफलीला एखादे काडतूस आवडते आणि दुसरे नाही. हे आधी कळत नाही. झाडूनच बघावे लागते.

मात्र काडतुसाला बोल लावण्याआधी रायफल पूर्ण रिकामी करून दुर्बिणीच्या रिंगांचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. बहुतेक रिंगांना १५ ते १८ इंच-पौंड ताण पुरतो. दस्त्याचा आकडा रायफलीच्या पुस्तिकेत असतो. ढिल्या स्क्रूवर तीन-चार खोके उडवलेले लोक थोडे नाहीत.

मग वेगवेगळ्या घडणीचे तीन खोके घ्या, प्रत्येकात २० काडतुसे. आधी २५ यार्डांवर बार कागदावर आणा. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचे, वेळेचे नव्हे) दुर्बिणीत एका क्लिकने शंभर यार्डांवर पाव इंच सरकते, पण २५ यार्डांवर त्याचा चौथा हिस्सा. तिथे दोन इंच सरकवायला ३२ क्लिक लागतात, शंभरावर ८. हा हिशेब विसरल्याने माणसे तासभर गोंधळतात. नंतर शंभर यार्डांवर वाळूच्या पिशवीवर टेकून तीन-तीन बारांचे दोन गट टाका, मध्ये नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. एकाच गटावर विश्वास ठेवू नका. एक गट योगायोगानेही चांगला येतो. शंभरावर दीड इंचांचा गट, म्हणजे भोकांचा पसारा तेवढा, हरणासाठी उत्तम. तीन इंचांचा गट असेल तर दोनशेवर तो सहा इंच होईल, आणि हरणाचे मर्मस्थान जेमतेम आठ इंचांचे असते. मग दीडशेच्या पुढे बार टाकू नये.

गट कुठे बसवायचा? १५० ग्रेनच्या .३०८ साठी शंभर यार्डांवर दोन इंच वर. मग ती दोनशेच्या आसपास नेमावर येते आणि तीनशेवर साधारण आठ इंच खाली जाते.

शिशाकडून तांब्याकडे जाताना एक पायरी चुकवू नका. जुन्या आवरणाचा तांब्याचा लेप नळीत असतो. त्यावर नव्या धातूची गोळी झाडली की गट उगाच फाटतो. तांबे विरघळवणाऱ्या द्रावणाने चिंध्या निळ्या यायच्या थांबेपर्यंत नळी साफ करा, मग नव्या गोळीचे तीन-चार बार टाकून नळी बसू द्या आणि त्यानंतरच मोजायला लागा.

आवडता खोका सापडला की त्याच लॉट क्रमांकाचे तीन-चार घेऊन ठेवा. लॉट बदलला तरी नेम तपासावा लागतो. थंडीचाही परिणाम असतो: ऑगस्टच्या ३० अंशांत बसवलेला नेम उणे १० मध्ये थोडा खाली लागतो, कारण गार दारू मंद जळते. दोनशे यार्डांच्या आत हे नगण्य आहे, पण हंगामाच्या आदल्या आठवड्यात थंड नळीने एक बार टाकून बघावाच. जंगलातला पहिला बार थंड नळीचाच असतो.

कागदावर आडवी, लांबट भोके

गोळी डगमगत जाते आहे. नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा, गोळीच्या लांबीला पुरत नाही. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला जास्त पीळ लागतो. जुन्या .२४३ ला बहुधा १० इंचांत एक फेरा असतो. तिला शिशाची १०० ग्रेन चालते, पण तांब्याची घेताना ८०-८५ ग्रेनवर या. पीळ मोजायचा असेल तर रिकाम्या रायफलीत घट्ट चिंधी लावलेली, मुठीपाशी मोकळी फिरणारी साफसफाईची सळई घाला, सळईला खूण करा आणि खूण पूर्ण एक फेरा फिरेपर्यंत सळई किती इंच आत गेली ते बघा.

जे चुकले तर इजा होते

नळीवर कोरलेले नाव आणि पुंगळीच्या बुडावरचे नाव अक्षरशः सारखे असले पाहिजे. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकते. चाप ओढला तर रायफल हातात फुटते. दोन्ही रायफली घरात असतील तर मॅगझिनना (काडतुसे भरायच्या पेट्यांना) वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा आणि दोन्ही काडतुसे एकाच दिवशी एकाच पिशवीत नेऊ नका. ५.५६ ची लष्करी काडतुसे केवळ .२२३ म्हणून शिक्का असलेल्या नळीत घालू नका.

लिव्हर (चापाजवळची दांडी हलवून भरायच्या) रायफलीच्या नळीदार मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक उभी राहतात, एकाचे टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठोक्याने पेटणाऱ्या टोपीला टेकते. म्हणून तिथे चपट्या नाकाची किंवा खास मऊ प्लास्टिक टोकाचीच गोळी.

तेच काडतूस रोज पहाटे भरायचे आणि संध्याकाळी काढायचे, असे आठवडाभर केले की गोळी पुंगळीत मागे दबू शकते आणि दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभे करून लांबी पडताळा; फरक दिसला तर ते बाजूला काढा.

खोका घेण्याआधी राज्याचा नियम

न्यू जर्सीत मराठी घरे पुष्कळ, पण तिथे हरणासाठी सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसांची) रायफल चालत नाही. ओहायोत सरळ पुंगळीची काडतुसे लागतात, म्हणून .३५० लिजंड आणि .४५० बुशमास्टर तिथे इतकी खपतात. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ व्यास, ७० ग्रेनची उमलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा हवी. ऊर्जेचा हिशेब घरी करता येतो: ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसे पूर्ण बंद आहे. कॉन्डॉर गिधाडे मेलेल्या जनावरांतले शिसे खाऊन मरत होती.

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगणेही एरवी मना आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हाती असणे हा त्यातला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली आणि कपाटात खोका राहिला, तर तो अपवादही राहत नाही.

आणि डिसेंबरात भारतात जायचे असेल तर शिकारीचे जाकीट आणि पाठपिशवी घरीच ठेवा. नेणे भागच असेल तर प्रत्येक खिसा उलटा करून, अस्तराच्या आत हात घालून बघा. मुंबई विमानतळाच्या तपासणीत एक जिवंत काडतूस निघाले तरी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.